लीलाधरचं बिननावी गाणं

पारोळा, एरंडोल, अमळनेर या पट्ट्यात लीलाधरचा आवाज बहुतेकांनी ऐकलेला आहे, आणि तो कोणाचा हे बहुतेकांना माहीत नाही. लग्नात माईकवर बोलणाऱ्याकडे कोणी बघत नाही. आपलं नाव कधी येतं इकडे सगळ्यांचा कान असतो.

आमच्याकडचं लग्न पत्रिकेत साडेबाराला असतं आणि मांडवात दोनला लागतं. मधला वेळ सत्काराचा. सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, त्यांच्यामागे ‘भावी’ मंडळी, म्हणजे ज्यांनी अजून कुठली निवडणूक लढवलेली नाही पण लढवतील असा त्यांना स्वतःला दाट संशय आहे ते. मग मुलाचे मामा, मुलीचे मामा, दोन्हीकडचे फुवा. फुवा म्हणजे आत्याचे यजमान. रुसण्याचा पहिला हक्क त्यांचा. प्रत्येकाला टोपी, टॉवेल, नारळ आणि माईकवरून नाव. टॉवेल विरळ निघाला तर चालतं. नाव राहिलं तर माणूस मांडवाबाहेर जाऊन मोटारसायकलवर बसतो. त्याला समजवायला चौघं जातात, त्या चौघांना बोलवायला आणखी दोघं, आणि तोवर नवरदेव मे महिन्याच्या उन्हात बाशिंग सांभाळत उभा.

लीलाधरची ख्याती अशी, की त्याच्या माईकवर कोणी रुसलं नाही. हातात चिठ्ठी नसते. घरचा माणूस कानाशी येऊन नावं सांगतो, लीलाधर मान हलवतो, छातीत हवा भरतो आणि सुटतो. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, पद. पद नसेल तर ‘आमचे मार्गदर्शक’. अख्खी पहिली रांग एका दमात. कोणाचा ‘राव’ गळत नाही, कोणाचे ‘आप्पासाहेब’ नुसते ‘आप्पा’ होत नाहीत. डी.एड. होऊन शाळेत न पोचलेल्या पोरांची खानदेशात एक मोठी फौज आहे. लीलाधर तिच्यातलाच. हजेरी घ्यायचं शिक्षण अगदीच वाया गेलं नाही, असं तो म्हणतो.

लग्नसराई संपली की जळगावला पाइपच्या कारखान्यात कंत्राटावर काम. आणि बारा महिने रॅप. हे शेवटचं काम त्याने गावात कोणाला सांगितलेलं नव्हतं, कारण सुरुवातीची काही वर्षं सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. ‘एल. डी. किंग’ असं नाव घेऊन तो मुंबईच्या पोरांची हिंदी बोलायचा. गाण्यात पिस्तूल, पोलीस, काळ्या काचांची गाडी. प्रत्यक्षात त्याच्याकडे भावाने सोडून दिलेली मोटारसायकल होती आणि त्याच्या गल्लीत पोलीस फक्त गणपतीत येत. एकदा त्याची बायको सारिका हिने त्याच्या कानातली वायर काढून स्वतःच्या कानात घातली.

“हाऊ कोन शे?”

“मी शे.”

“तुम्हीन पिस्तूल कधय लिधं?” ती म्हणाली. “आपला घर तर फवारानी पंप भी धड नही.”

समीक्षा म्हणून याला तोड नव्हती. पण लीलाधरने गाणी थांबवली नाहीत. पिस्तूल तेवढं कमी केलं.

त्याच सुमारास धुळ्यात एका मंगल कार्यालयाच्या अंगणात ‘हिप-हॉप संध्या’ भरली. स्टेज आणि मोठे स्पीकर आमच्याकडे लग्नाच्या जागीच मिळतात, त्यामुळे मागे ‘शुभविवाह’ची कमान तशीच होती. लीलाधरने माईक तपासायला दोन वाक्यं म्हटली आणि आयोजकाचा चेहरा उजळला. “दादा, तुम्ही तर आमच्या ताईच्या लग्नात होते! पाहुणे आलेच आहेत, तेवढं स्वागत करून द्या. पाचच मिनिटं.” लीलाधर नाही म्हणू शकला नाही. नाव घ्यायचं नाही, ही गोष्टच त्याला कधी जमलेली नव्हती. पाहुण्यांनी आपापले पाहुणे आणले होते, त्यांनी त्यांचे. स्वागत उरकलं आणि लीलाधरचा नंबर जवळ आला तेव्हा जनरेटरचं डिझेल संपलं. सगळ्या रॅपरांत स्टेजवर सर्वांत जास्त वेळ तोच उभा होता, आणि रॅप न करता खाली उतरलेलाही तोच. आयोजकांनी त्याला टोपी-टॉवेल दिला.

टॉवेल घेऊन उभा असताना त्याने ठरवलं, की आता एक गाणं करायचं आणि त्यात कोणाचंही नाव घ्यायचं नाही. जिवंत माणसाचं नाही, पुढाऱ्याचं नाही, देणगीदाराचं नाही.

बाहेरच्या माणसाला यात विशेष वाटणार नाही. पण आमच्याकडे गाणं वाजतं ते नावांवर. सुरुवातीला वरातीत स्पीकरची गाडी आणणाऱ्या डीजेचं नाव, मग ज्याच्या मित्रमंडळाने व्हिडिओला हातभार लावला त्याचं, मग मित्रमंडळाचं, मग गाणं कोणी बनवलं त्याचं. एवढं झाल्यावर वेळ उरला तर गाणं. नावाशिवायचं गाणं कुठली गाडी वाजवत नाही, कारण ते वाजावं असं कोणाला वाटण्याचं कारणच राहत नाही.

त्या संध्याकाळी साऊंड सांभाळत होता शेहजाद. धुळ्याच्या पाचकंदिलाजवळ त्याचे वडील हनीफभाई यांचा बँड आहे; त्यांनी क्लॅरिनेट वाजवून तीन पिढ्यांची लग्नं लावली. शेहजाद लग्नाच्या गाड्यांसाठी गाणी नव्याने बांधून देतो. त्याची गाणी सुरतेपर्यंत जातात. त्याचं नाव जवळच्या नरडाण्यापर्यंतही जात नाही. इतर पोरं आयते आवाज उचलतात. हा पावसाळ्यात, बँडचे लाल कोट खुंटीला टांगलेले असताना, दुकानातला ताशा, मोठा ढोल आणि एक तडा गेलेला ट्रम्पेट घेऊन बसतो आणि एकेक ठोका मोबाइलमध्ये भरून घेतो. त्याच्या चालीत मध्येच एक जागा मोकळी सुटते, सगळं गप्प होतं. लोकांना वाटतं चूक झाली. त्याला विचारलं तर सांगतो, “वरात चालते चालते घोडा अडतो ना, आणि बँड थांबतो, ती जागा आहे. खानदेश का आदमी समझ जाता है.”

त्याने लीलाधरला वायरी गुंडाळता गुंडाळता सांगितलं, “भाऊ, तुझी गाणी ऐकलीत मी, तू गाडी-पिस्तूलवाला नाहीस. आज तू तासभर जे बोलला, रॅप ते होतं.”

“ती नावं होती.”

“नावं काढ. चाल ठेव.”

सांगायला सोपं. पावसाळ्यात लीलाधर रविवारी धुळ्याला जाऊ लागला. नाव काढलं की वाक्यात खड्डा पडायचा. त्या खड्ड्यात काय घालायचं यावर दोघांचे काही रविवार गेले. शेवटी लीलाधरने तिथे त्या माणसाची करणी घातली. अमुक अमुक यांचं स्वागत, याऐवजी ज्याने अमुक केलं त्याचं स्वागत. भाषा आपोआप घरची झाली. करणी सांगायला हिंदी पुरेना.

*तीन डाव फोडा नारय, पाइप आजून उना नही,*
*टोपी-टावेल लिसनी गया, पानी गावमा उनं नही,*
*स्वागत शे भो, स्वागत शे, पहिली खुर्ची तुम्हनी शे!*

पुढच्या कडव्यात रुसलेला फुवा होता:

*मुहूर्त टया, नवरदेव सुकना, फुवा आजून रुसेल शे…*

शब्द झाले, आता जीभ आड आली. कडव्याच्या शेवटी दम संपत आला, की लीलाधरच्या तोंडून सवयीने “आणि मुलीचे मामा श्री.” असं निघायचं आणि शेहजाद हात वर करायचा. पुन्हा. पुन्हा “मुलीचे मामा”. एकदा तर त्याने शेहजादच्या दुकानासमोरच्या पंखेवाल्याचंही स्वागत केलं. हा रोग उभं राहण्याचा आहे, असं निदान शेवटी शेहजादने केलं. लग्नात माईक उभ्यानेच धरतात. त्याने लीलाधरला मोठ्या ढोलावर बसवलं. बसलेल्या लीलाधरला मामा आठवले नाहीत.

शेहजादने आणखी एक केलं. माळ्यावर जुन्या काळचा पत्र्याचा कर्णा पडला होता, मांडवाच्या बांबूला बांधतात तो. त्याने लीलाधरचा भरलेला आवाज त्या कर्ण्यातून वाजवला, दुकानाचं शटर ओढलं आणि तो पुन्हा भरून घेतला. आवाज जरा लांबून, जरा दटावल्यासारखा येऊ लागला. सुरुवातीला माईकची कुईं तशीच ठेवली.

“माझं नाव तर टाकायचं ना पुढे?” शेहजादने विचारलं. गाण्याच्या तोंडाशी बनवणाऱ्याचं नाव एका बाईच्या आवाजात टाकतात, तशी पद्धत आहे.

“नाही.”

“माझं पण नाही?”

“माझंही नाही.”

शेहजाद थोडा वेळ पेचकस फिरवत बसला. त्याने इतकी वर्षं दुसऱ्यांची गाणी शिवली होती. हे पहिलं स्वतःचं होतं. “ठीक आहे,” तो म्हणाला. “एकाचं टाकलं तर दुसरा विचारेल.”

गाणं इंटरनेटवर चढलं. आठवडाभर काही झालं नाही. मग ते गावात पोचलं आणि पहिल्या कडव्यातला माणूस कोण, यावर गावात मतभेद झाला नाही. प्रेमराज आबा हे आमच्या बाजूचं मोठं प्रस्थ. (गावाचं नाव देत नाही, नावांवरून पुरेसं झालं आहे.) गावाच्या पाणी योजनेचा नारळ त्यांनी तीन निवडणुकांच्या आधी तीनदा फोडला होता. तिन्ही वेळा सूत्रसंचालन लीलाधरचं होतं.

एका सकाळी आबांचा उजवा हात लोटन दारात उभा राहिला. सारिकाने आतून मुसळ आणून चौकटीला टेकवून ठेवलं आणि चहा ठेवायला गेली.

“आबा नाराज शेतस,” लोटन म्हणाला.

“माहीत शे मले.”

“गावमा बठ्ठास्ले समजनं का हाई गानं आबानं शे.”

“समजनं व्हई.”

“मंग नाव काबरं नही लिधं?”

लीलाधर मारामारीच्या तयारीने उभा होता. तो खाली बसला.

लोटनची तक्रार सरळ होती. पलीकडच्या गल्लीतले माजी सरपंच चावडीवर सांगू लागले होते, की हे गाणं त्यांच्यावर आहे. पाइपलाइनची कल्पना मुळात त्यांची. “नारय फोडात आबानी, नि गानामा मिरवस तो!” लोटन कळवळून म्हणाला. आबांचं म्हणणं एवढंच, की सुरुवातीला ‘खानदेशनी बुलंद तोफ प्रेमराज आबा’ असं एक वाक्य टाकावं. बाकी शब्द आहेत तसे राहू द्यावेत. नारळही तीनच राहू द्यावेत. मग हे गाणं तालुक्यातल्या प्रत्येक गाडीवर वाजेल. आणि नाही टाकलं, तर आबांच्या भाऊबंदकीतल्या, म्हणजे सगळ्या भावकीतल्या, लग्नांना यंदा माईकवर दुसरा माणूस.

“नाव नही टाकाव,” लीलाधर म्हणाला.

“आबाले काय सांगू?”

“हाईच सांग.”

लोटन चहा पिऊन गेला. मुसळाकडे त्याचं लक्ष गेलं नाही. दुपारी लीलाधरचे सख्खे फुवा जीवराम आले. ते बसलेही नाहीत.

“ते रुसेल मीच ना रे?”

“कोनता भी फुवा शे तो, फुवा.”

“कोनता भी कसा? पाच लगनमा रुसेल दुसरा दखाड मले तालुकामा!” एवढं बोलून ते रुसून गेले.

रात्री जेवताना लीलाधर हिशेब करत होता. आबांची भाऊबंदकी म्हणजे अर्धी लग्नसराई. एका वाक्याचं काम, शेहजाद मिनिटात चिकटवून देईल. त्याने सारिकाला विचारलं. ती भाकरी मोडत म्हणाली, “एक नाव टाकं का त्यान्हा मांगे बठ्ठी भाऊबंदकी ई. मंग तुम्हना गानाले जागा कोठे उरी?”

त्याने नाव टाकलं नाही. आबांच्या पुतण्याच्या लग्नात माईकवर एरंडोलचा कोणी माणूस होता. लग्न हातचं गेलं म्हणून लीलाधर त्या दिवशी कारखान्यात पाइपांची मोळी बांधत होता. त्याला मधल्या सुट्टीत फोन आला, की तिकडे दोन मामा राहून गेले आणि जेवणं थांबली आहेत. बरं वाटल्याचं त्याने कोणाजवळ कबूल केलं नाही.

मग जळगावहून समाधानचा फोन आला. समाधान इंजिनिअरिंगला होता आणि महामार्गालगतच्या एका लॉन्सवर खानदेशातल्या रॅपरांचा कार्यक्रम ठेवत होता. त्याला ‘स्वागत शे’ पाठ होतं. “दादा, या गाण्यासाठीच तुम्हाला बोलावतोय,” तो म्हणाला. लीलाधरने कारखान्यातून सुट्टी काढली, शेहजाद धुळ्याहून पेटीभर सामान घेऊन बसने आला.

लॉन्सच्या दारात बॅनर होता. वर प्रेमराज आबा, हात जोडलेले, घोड्याएवढे. खाली एका पट्टीत सगळे रॅपर, ओळखपत्राएवढे. मंडप आणि जनरेटर आबांनी दिला होता.

“तुला माहीत होतं?” शेहजादने विचारलं.

“नाही.”

“जायचं परत?”

“जायचं कशाला? गाणं म्हणायला आलोय.”

दिवेलागणीला आबांच्या गाड्या आल्या आणि समाधान पळत आला. त्याच्या हातात माईक होता. “दादा, आबा आलेत. तेवढं स्वागत तुम्ही केलं तर शोभा येईल.”

“नाही.”

“दोन मिनिटं, दादा. तुमच्यासारखं कोणाला जमत नाही.”

“म्हणूनच नाही. माझा नंबर कितवा?”

“आठवा.”

“आठव्याला हाक मार. मी इथेच आहे.” असं म्हणून लीलाधर स्पीकरच्या खोक्याशेजारच्या खुर्चीवर बसला, आणि हात मांडीखाली घालून बसला.

समाधानने स्वतः माईक घेतला. बिचाऱ्याला कोडिंग येत होतं. त्याने आबांना ‘प्रेमरावजी’ केलं, माजी सभापतींना नुसतं ‘सर’ म्हटलं आणि एका भावी उमेदवाराला पूर्ण वगळलं. पहिल्या रांगेतला एक माणूस उठून पार्किंगकडे चालू लागला. त्याच्यामागे दोघं. आबा बसून होते, पण टोपी त्यांनी काढून गुडघ्यावर ठेवली होती, आणि लोटनला त्याचा अर्थ माहीत होता. तो समाधानच्या कानाशी काहीतरी बोलला. समाधान घामाघूम होऊन खोक्यापाशी आला.

“दादा, आता तुम्हीच घ्या. आठवा-बिठवा राहू द्या. पहिले तुम्ही. कसंही करून सावरा.”

“मी गाणं म्हणणार.”

“म्हणा! काहीही म्हणा!”

लीलाधर स्टेजवर गेला. शेहजादने मान हलवली. माईकची कुईं झाली, ताशा सुरू झाला आणि कर्ण्यातून आल्यासारखा तो ओळखीचा आवाज लॉन्सवर पसरला: “स्वागत शे भो, स्वागत शे!” पार्किंगकडे निघालेला माणूस थबकला. आबांनी टोपी डोक्यावर ठेवली.

मग नारळ आले. एक, दोन, तीन. मागच्या रांगांत पोरं हसली. पुढच्या रांगेत कोणी हसलं नाही, सगळ्या माना मात्र आबांकडे वळल्या. “पहिली खुर्ची तुम्हनी शे”, आणि तिथे ताशा, ढोल, सगळं थांबलं.

ती जागा दीड श्वासाची आहे. नाव बरोबर मावतं तिथे. आडनाव आणि पदासकट. लोटनने माईककडे असं पाहिलं, की जणू नाव तिथून ओढून काढता येईल. आबांनीही पाहिलं. लीलाधरने तोंड मिटलेलं ठेवलं.

आणि आबा उभे राहिले. त्यांनी वळून लोकांकडे तोंड केलं, हात जोडले, डावीकडे, उजवीकडे आणि मागच्या पोरांच्या रांगेलाही नमस्कार केला. लॉन्स शिट्ट्यांनी दणाणलं. आबांनी ते सगळं स्वीकारलं. ताशा परत सुरू झाला तेव्हा ते अजून उभेच होते, आणि लीलाधर फुव्याच्या कडव्यावर गेला होता.

कार्यक्रमानंतर आबांनी त्याला गाडीपाशी बोलावलं. लोटन दार धरून उभा होता.

“गानं चांगलं शे,” आबा म्हणाले. “पन मी उठनू, तधय तरी एक डाव नाव लेवाले काय हरकत व्हती?”

“तुम्ही उठनात ना, आबा,” लीलाधर म्हणाला. “मंग नाव कसाले जोयजे?”

आबा गाडीत बसले. काच वर जाता जाता एवढंच म्हणाले, “माजी सरपंच तर घरमाच बठेल व्हता.”

आबांच्या भाऊबंदकीची लग्नं मात्र परत आली नाहीत. कौतुक वेगळं आणि रुसवा वेगळा, हे आमच्याकडे सगळ्यांना समजतं. उरलेल्या लग्नांत लीलाधर पूर्वीसारखीच नावं घेतो, एकही गाळत नाही. फक्त ठरवायला येणाऱ्याला आधी सांगतो, की अक्षता पडल्या की एका गाण्यापुरता माईक माझा. काही लोक उठून जातात. काही म्हणतात, बघू. मागच्या महिन्यात म्हसव्याकडच्या एका मुलीच्या बापाने हो म्हटलं, आणि जेवायला निघालेली पंगत ताटं हातात घेऊन ऐकत उभी राहिली. फुव्यांनी त्या दिवशी न रुसता बरंच खाल्लं.

यंदा लग्नं कमी म्हणून कारखान्यात त्याने पाळी वाढवून घेतली आहे. रविवार धुळ्याचाच. गेल्या रविवारी दुसऱ्या गाण्याचं पहिलं कडवं भरत असताना लोटनचा फोन आला.

“नवं गानं करी ऱ्हायनात म्हने?”

“हा.”

“आबा इचारतस, त्यामा कोन शे?”

“गानं उनं का ऐका म्हनो.”

“पन आबा शेतस का नही, तेवढं तरी…”

लीलाधरने फोन बंद करून ताशाखाली ठेवला आणि शेहजादला म्हणाला, “पहिल्यापासून घे.”